बोटीवरून चार तासांची सुट्टी : बंदरावरचे सीमेन्स क्लब

गँगवे (धागाकर्ता)

साइन ऑफ होऊन (बोट सोडून घरी येऊन) महिना होत आला. गणपतीत घरी आलेल्या पाहुण्यांनी ठरलेलं वाक्य टाकलं, "जगभर फिरता, मजा आहे बुवा तुमची!" म्हटलं एकदा हिशेबच करू. गेल्या खेपेला साडेपाच महिन्यांत आमची बोट बावीस वेळा बंदराला लागली. मी गँगवे (बोटीचा जिना) उतरून गेटाबाहेर पडलो तीनदा. तिन्ही मिळून अकरा तास. त्यातले दोन तास मुलीचे बूट शोधण्यात गेले आणि साइज शेवटी चुकलाच.

मी कंटेनर बोटीवर सेकंड इंजिनियर आहे. लोकांना वाटतं, बोट धक्क्याला लागली की आम्ही मोकळे. खरं तर उलट असतं. मेन इंजिन चालू असताना ते उघडता येत नाही, म्हणून उघडझापीची सगळी कामं बंदरात. त्यातच बंकरिंग (इंधन भरणं), त्यातच स्टोअर्स, त्यातच सर्व्हेयर. डेकवाल्यांना गँगवे वॉच, दोर सांभाळणं, रीफर (थंड मालाच्या) कंटेनरांच्या फेऱ्या. बऱ्याच ठिकाणी बारा-चौदा तासांत माल उतरून-चढून बोट परत बाहेर. जुने लोक एकेका बंदरात आठ-दहा दिवस राहायचे म्हणे. त्यांच्यावर मी मनापासून जळतो.

आणि एवढ्यातून चार तास सुटलेच, तर गेटापर्यंत जायचं कसं? कंटेनर टर्मिनलात चालायला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. चार मजली उंचीचे स्ट्रॅडल कॅरिअर पोटात कंटेनर घेऊन धावत असतात, वरच्या ड्रायव्हरला खाली माणूस दिसेलच याची खात्री नाही. टॅक्सी आत सोडत नाहीत. शहर लांब. एजंटला गाडी सांगितली तर तो जो आकडा सांगतो त्यात कोकणात जाऊन-येऊन होईल.

हे सगळं आठवायचं कारण हॅम्बुर्ग. एल्बे नदीतून शंभरेक किलोमीटर आत येऊन वाल्टर्सहोफच्या टर्मिनलला लागलो. संध्याकाळी सहाला मी, आमचा मोटरमन (इंजिनरूममधला, दाभोळचा), फिलिपिनो फिटर आणि डेक कॅडेट असे चौघं गँगवेखाली उभे. दहा मिनिटांत पांढरी व्हॅन आली. ड्रायव्हर पोरगा एकोणीस वर्षांचा, शाळा संपवून वर्षभर स्वयंसेवक म्हणून आलेला. पैसे नाहीत. नाव-गाव काही न विचारता, "चला, बसा."

ही व्हॅन 'डुकडाल्बेन'ची. जर्मन सीमेन्स मिशनने १९८६मध्ये सुरू केलेला खलाशांचा क्लब, टर्मिनलांच्या अगदी कुशीत. डुकडाल्बेन म्हणजे बंदरात पाण्यात ठोकलेले खुंट, ज्यांना बोट बांधतात. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

आत काय आहे? खास काही नाही, आणि तेच बरं आहे. बिलियर्ड्स, टेबल टेनिस, एक छोटं दुकान (सिमकार्ड, चॉकलेट, टूथपेस्ट), सोफे, गिटार. कॅडेट आणि फिटर बिलियर्ड्सला लागले. मोटरमनने चहा घेतला, दोन घोट प्यायला आणि कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवून मोबाइल काढला. मी त्या कपाकडेच बघत राहिलो. बोटीवर कुणी कप कडेला ठेवत नाही. चार महिने बिस्केच्या उपसागरापासून हिंदी महासागरापर्यंत हा माणूस कप हातात धरून किंवा ओल्या फडक्यावर ठेवून चहा प्यायला होता. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

वर एक शांत खोली आहे. निरनिराळ्या धर्मांचे कोपरे, आपल्या देवांचाही. मोटरमनने खाली काउंटरवरच्या बाईंना किब्ल्याची (मक्केची) दिशा विचारून घेतली. बोटीवर त्याला दर वेळी ब्रिजवर फोन करून कोर्स विचारावा लागतो, आणि नमाज चालू असताना बोट वळली तर वळली. परत येऊन म्हणाला, "सेकंडसाब, आज दिशा जागेवर राहिली."

खाली पुस्तकांचं कपाट होतं. रशियन, चिनी, तगालोग, आणि मध्येच एक मराठी दिवाळी अंक! मुखपृष्ठ गायब, कुठला ते कळेना. मागे शब्दकोडं, अर्धं सोडवलेलं. मी तास-दीड तास तोच वाचत बसलो, जाहिरातींसकट.

रात्री साडेदहाला परत. एकूण चार तास. शहर पाहिलंच नाही, आणि त्याची खंत नाही.

तर विचारायचं हे की बोटीवरच्या मंडळींनी असे क्लब कुठे पाहिले? आपल्या किनाऱ्यावर काय परिस्थिती? आणि घरच्यांनीही लिहा.

अनघा_डोंबिवली

नवरा चीफ ऑफिसर. क्लब कधी पाहिला नाही, पण ऐकलाय. फोनवर मागे बॉलवर बॉल आपटल्याचा टक्-टक् आवाज आला की मी ओळखते, आज क्लबात आहे. त्या दिवशी तो भाजीत काय घातलंस हेसुद्धा विचारतो. एरवी बोटीवरून फोन म्हणजे "सगळं ठीक? शाळेची फी भरली? ठेवतो."

तिरकस

लेख छान, पण थोडा स्मरणरंजनाचा वास येतोय. आता बोटीबोटीवर उपग्रहाचं इंटरनेट आलंय. माझा भाचा केबिनमध्ये पडून क्रिकेट लाइव्ह बघतो. त्याला विचारलं क्लबात जातोस का, तर म्हणाला, "मामा, झोपतो." पूर्वी लोक फोन करायला जायचे. फोन खिशात आला, क्लबाचं काम संपलं. एसटीडी बूथ गेले तसे हेही जाणार.

वाचनमात्र

पुभाप्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत.)

गँगवे

@तिरकस, भाच्याला दोष नाही, झोप मलाही हवी असते. इंटरनेट मिळायलाच पाहिजे. सागरी कामगार करारात (एमएलसी) सुधारणा झाली आणि डिसेंबर २०२४पासून ती लागू आहे. बोटीवर शक्य तिथे इंटरनेट द्यायचं, पैसे घेतलेच तर वाजवी घ्यायचे.

पण एक सांगतो. माझ्या पहिल्या बोटीवर रात्री जेवणानंतर मेसरूममध्ये पत्ते, कॅरम, कुणाची तरी खेचणं चालायचं. आता आठला मेसरूम रिकामी. वीस-बावीस माणसं, प्रत्येक जण आपल्या केबिनमध्ये, प्रत्येकाच्या कानात घर. घरचं भांडण लाइव्ह ऐकू येतं आणि करता काहीच येत नाही. क्लबात गेलं की बोटीबाहेरचा, घराबाहेरचा तिसरा माणूस भेटतो, ज्याला आपल्याकडून काही नको असतं. ते मोबाइलवर नाही मिळत. आणि मी व्हॅनबद्दल जे लिहिलं त्याला तर उपग्रहाचा काही इलाज नाही.

सुकाणी७८

लिहायचा कंटाळा, पण या विषयावर लिहिणं भाग आहे. मी ७८ साली लागलो, सुकाणी म्हणून उतरलो. गाव गुहागरकडे.

आमच्या वेळी फ्लाइंग एंजल म्हणजे सगळ्यांना माहीत. मिशन टु सीफेरर्स, पंख पसरलेल्या देवदूताची खूण. चिनी, पोलिश, आपले, सगळे ती खूण बघून आत शिरायचे. फ्रीमँटलला क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर मोठा क्लब होता. क्विनानाला बोट लागली की त्यांची बस यायची. तिथे पहिल्यांदा घरी फोन केला. घरी म्हणजे शेजारच्या दुकानात. आधी पत्राने तारीख-वेळ कळवायची, आई येऊन बसायची. एकदा पत्र फोनच्या नंतर पोचलं. दुकानदाराने विचारलं, तब्येत बरी? म्हटलं, आईला सांगा बरी आहे. संपला फोन. त्याचे पैसे गेले ते गेले.

मिशनवाला बोटीवर पण यायचा. जुनी मासिकं, विणलेल्या टोप्या. न्यूयॉर्कच्या अशाच एका संस्थेकडे तर १८९८पासून नाताळला खलाशांसाठी टोप्या-मफलर विणून द्यायची पद्धत आहे, अजून चालू. माझी टोपी निळी. बायकोने दोनदा उसवून नीट केली. दिवाळीत पहाटे घालतो.

त्या दिवाळी अंकात कोडं अर्धंच होतं ना? मग ते माझं नाही. मी पुरं करतो.

प्रश्नचिन्ह

एक शंका, राग नसावा. मिशन, एंजल, चर्च. हा सगळा धर्मप्रसाराचा मामला नाही का? घरापासून लांब, एकटा, थकलेला माणूस. यापेक्षा सोपं सावज कुठलं?

तिरकस

आली! याच प्रतिसादाची वाट बघत होतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सुकाणी७८

चाळीस वर्षांत एकदा बायबल पुढे केलं. नको म्हटलं. त्याने ठेवून दिलं आणि विचारलं, टोपी हवी का. ती घेतली. बाकी वर लिहिलंय.

जुना_कागद

@प्रश्नचिन्ह, शंका चुकीची नाही, शंभर-दीडशे वर्षं उशिराची आहे. सुरुवात धर्मप्रसारानेच झाली. १८३०च्या दशकात ब्रिस्टलच्या खाडीत नांगरून पडलेल्या बोटींवर जॉन ॲश्ली नावाचा पाद्री होडीने जाऊ लागला, त्यातून पुढे १८५६मध्ये मिशन उभं राहिलं. कॅथलिकांची संस्था ग्लासगोत १९२०ची. खलाशी म्हणजे दारुडा, त्याला दारूच्या गुत्त्यापासून आणि फसवणाऱ्या खाणावळवाल्यापासून वाचवायचं, असा तो सगळा सूर. आता या संस्थांची एकत्र संघटना आहे आणि तिच्या आचारसंहितेत धर्मांतराचे प्रयत्न करायचे नाहीत असं आहे. शिवाय एमएलसीचा नियम सांगतो की बंदरातली अशी केंद्रं देश, वंश, धर्म, बोटीवरचा झेंडा काही न बघता सगळ्यांना खुली हवीत.

पण मला आपल्याकडचा इतिहास जास्त रंजक वाटतो. मुंबईत रीगलसमोर महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे ना, काळ्या-पिवळ्या दगडाचं? ते मुळात खलाशांचं वसतिगृह. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १८७०ला ड्यूक ऑफ एडिंबरोने पाया घातला, १८७६ला पुरं झालं, वास्तुकार व्हीटी बांधणारा स्टीव्हन्सच. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दोन लाख रुपये दिले होते. वर दर्शनी त्रिकोणात अजून समुद्रदेव नेपच्यून बसलाय, खाली पोलीस सलाम ठोकतात. पुढे १९२८पासून तिथे कौन्सिल हॉल आला, म्हणजे कायदेमंडळ भरायचं.

पैसे बडोद्याचे, जागा मुंबईची, आणि राहणार कोण? गोरे खलाशी. बोटींच्या पोटात कोळसा ओढणारा आपला लस्कर (हिंदी खलाशी), सारंग, टिंडेल, भंडारी हे लोक डोंगरी-मशीद बंदरच्या खोल्यांतून, सावकाराच्या उधारीवर, पुढची बोट मिळेपर्यंत. त्यांच्यासाठी मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आलं ते १९३१च्या सुमारास. तिथेच पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक आहे. मुंबईकर गेटवेला रोज जातात, तिथे कोणी जात नाही.

लंडनला लाइमहाउसमध्ये १८५७ला आशियाई खलाशांसाठी 'स्ट्रेंजर्स होम' निघालं होतं. नावच परक्यांचं घर. आपले लोक थंडीत रस्त्यावर मरत होते म्हणून काढावं लागलं. दुलीपसिंग महाराजांनी त्याला पाचशे पौंड दिले.

प्रश्नचिन्ह

माहितीबद्दल आभार. शंका मागे घेतो. निम्मी.

पणजीचो

गोंयकार असल्याने एक भर घालतो. मिशनबिशनची वाट न बघता आमच्या लोकांनी मुंबईत स्वतःची सोय केली होती, 'कूड'. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी. प्रत्येक गावाची वेगळी कूड. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत तर एकावर एक कुडी आहेत. बोट मिळेपर्यंत शिपी (आमच्याकडे बोटीवरच्या माणसाला शिपी म्हणतात) तिथे राहणार. खाट नाही, खोली नाही. तुमची ओळख म्हणजे तुमची पेटी. भिंतीकडेला पेट्यांची रांग, रात्री पेटीसमोर चटई. भाडं नाममात्र. संध्याकाळी वेदीपुढे रोजार (जपमाळेची प्रार्थना), त्याला हजर राहायचंच.

माझे पापा सत्तरच्या दशकात कुडीत चार महिने होते. म्हणायचे, बोटीपेक्षा कूड बरी, कारण कुडीत गावची भांडणं गावच्या भाषेत होतात.

तिरकस

हा प्रतिसाद वाचून मी माझा 'एसटीडी बूथ' मागे घेतो. तोही निम्माच.

स्टारबोर्ड

मी थर्ड ऑफिसर. बाई. (हो, असतात.) टँकरवर असताना चोवीस माणसांत मी एकटी. सगळे सभ्य, तक्रार नाही. पण चार महिने एकाही बाईशी समोरासमोर बोलले नव्हते. रॉटरडॅमजवळच्या एका केंद्रात काउंटरवर साठीच्या बाई होत्या. मी काही न बोलता दुकानातल्या कपाटाकडे बघत उभी. त्यांनी उठून खालच्या खणातून सॅनिटरी पॅडची पाकिटं काढली, किती हवीत विचारलं, कागदी पिशवीत घातली आणि वर चॉकलेट ठेवलं, म्हणजे बाहेरून पिशवी चॉकलेटची वाटावी. मग अर्धा तास आम्ही त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोललो. माझ्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा गुडघा.

टँकरवाल्यांचं आणखी एक. आमचे धक्के शहरापासून फार लांब, नाहीतर बोट समुद्रात बोयाला बांधलेली. शोअर लीव्ह (बंदरात उतरायची सुट्टी) कागदावर असते. कंटेनरवाल्यांनी रडू नये. :)

गँगवे

@स्टारबोर्ड, मान्य. रडणं थांबवतो.

न्यूअर्कचा_शेजारी

मी न्यू जर्सीत, बोटीशी संबंध नाही, पण आमच्या मंडळातले एक काका पोर्ट न्यूअर्कच्या केंद्रात व्हॅन चालवतात. एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. बोटीवर गेलो तर कळलं, अर्ध्या लोकांना उतरताच येत नाही. अमेरिकेत उतरायला खलाशाला वेगळा व्हिसा लागतो, तो आधीच, आपल्या देशातल्या वकिलातीतून काढून आणायचा. नसेल तर बोट न्यूयॉर्कसमोर उभी आणि माणूस रेलिंगला टेकून. २००१नंतर तर काही टर्मिनलांनी गँगवे ते गेट या अर्ध्या किलोमीटरच्या सोबतीसाठी खलाशांकडून पैसे मागायला सुरुवात केली होती. शेवटी तिथल्या तटरक्षक दलाला २०१९मध्ये नियम काढावा लागला, की आत-बाहेर जायची सोय फुकट द्या.

ज्यांना उतरता येत नाही ते काकांना यादी आणि पैसे देतात. त्या दिवशीची यादी: दोन सिम, केस काळे करायचा रंग, हिरव्या मिरच्या, लहान मुलाची सायकल. सायकल गँगवेवरून वर चढवताना अख्खा डेक टाळ्या वाजवत होता.

उरणकर

आपल्या किनाऱ्याचं विचारलंत म्हणून. बंदराचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

माझा धाकटा भाऊ एबी (डेकवरचा खलाशी) आहे. त्याची परदेशी झेंड्याची बोट आपल्याच एका बंदराला लागली. घर तिथून पाऊण तासावर. साडेसात महिने झाले होते. आईने ओल्या बोंबलाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आम्ही गेटवर. त्याच्याकडे सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), पासपोर्ट, सगळं. इमिग्रेशनचा पास यायचा होता. साहेब जेवायला गेले. मग दुसरे साहेब म्हणाले, कस्टमचा कागद आणा. मग सुरक्षावाले म्हणाले, गेटपर्यंत पायी यायला परवानगी नाही आणि गाडी उपलब्ध नाही. चार तास असेच. शेवटी एका ट्रेलरवाल्याने डबा आत नेला. भावाचा फोटो आला, मेसरूममध्ये सगळे भाकऱ्या तोडतायत. आईने तो फोटो मोठा करून करून बघितला. म्हणाली, डबा परत नाय आला.

सीमेन्स क्लब त्या बंदराजवळ आहे. चांगला आहे असं म्हणतात. गेटाच्या बाहेर आहे.

अनघा_डोंबिवली

@उरणकर, :( काय बोलू.

जुना_कागद

यातली गंमत बघा. खलाशाला परक्या देशात व्हिसाशिवाय उतरता यावं म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ओळखपत्राचा करार आहे, २००३चा, क्रमांक १८५. भारताने तो २०१५मध्ये स्वीकारला, एमएलसीही त्याच वेळी. बायोमेट्रिक ओळखपत्रं देणाऱ्या देशांत आपण पुढे आहोत. कार्ड आहे, फक्त त्याला गेटपर्यंतची गाडी नाही.

गँगवे

@उरणकर, माझ्या मूळ लेखातल्या शहाणपणापेक्षा तुमच्या शेवटच्या ओळीत जास्त आहे. मी तरी आता असं म्हणतो, की क्लब बांधायला पैसे असतील तर आधी व्हॅन घ्या आणि ती गँगवेपर्यंत न्यायचा पास काढा. उरलेल्या पैशांत चार खुर्च्या.

समुद्रकाठी

जरा गंभीर प्रश्न. चुलतभावाच्या बोटीचा मालक गायब आहे. तीन महिने पगार नाही, बोट आखाती बंदराबाहेर नांगरून. काका-काकू रोज मला विचारतात. अशा वेळी ही केंद्रं काही करतात का?

स्टारबोर्ड

@समुद्रकाठी, करतात, पण आधी हे करा.

दोन महिन्यांचा पगार थकला की एमएलसीनुसार ती बोट 'सोडून दिलेली' ठरू शकते. २०१७पासून एमएलसी लागू असलेल्या बोटींना यासाठीचा विमा दाखवावा लागतो. त्याचा कागद मेसरूमच्या फळ्यावर लावलेला असतो, विमा कंपनीचा पत्ता त्यावर. भावाला त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, खाणं-पाणी आणि घरी यायचं तिकीट त्यातून मिळतं. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या) निरीक्षकाला आणि मुंबईत नौवहन महासंचालनालयाला लिहा. ज्या एजंटने लावलं त्याच्याकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी) परवाना होता का तेही बघा. सीफेररहेल्प म्हणून चोवीस तास चालणारी फुकट हेल्पलाइन आहे, हिंदीतून बोलता येतं, घरच्यांनाही.

मिशनवाले अशा वेळी लाँच घेऊन पाणी, तांदूळ, सिम पोचवतात. मालकाला शोधून काढणं त्यांचं काम नाही, पण बोटीवर कोण आजारी आहे हे बाहेर त्यांच्यामुळे कळतं.

हे एकट्या तुमच्या भावाचं नाही. आयटीएफच्या मोजणीत २०२४मध्ये ३१२ बोटी आणि ३,१३३ खलाशी असे वाऱ्यावर सोडले गेले. त्यात सर्वांत जास्त भारतीय होते, ८९९. भावाला एवढंच सांगा, कितीही वैताग आला तरी कोऱ्या कागदावर किंवा 'सर्व हिशेब मिळाला' असल्या कागदावर सही करायची नाही.

समुद्रकाठी

फोटो मागवला. आला की व्यनि (खासगी निरोप) करते. आभार.

फ्लिंडर्स_स्ट्रीट

मेलबर्नहून. इथलं मिशनचं घर फ्लिंडर्स स्ट्रीटवर, १९१७चं. मागे एक मोठा घुमट आहे, पूर्वी त्याखाली खलाशांची व्यायामशाळा होती. आता तिथे चित्रांची प्रदर्शनं भरतात. मी दोन वर्षं शनिवारी तिथे काउंटरवर होते. धक्क्यावर जाणाऱ्या व्हॅनवर बसायचं तर बंदराचं सुरक्षा ओळखपत्र काढावं लागतं, ते यायला बरेच आठवडे लागले. तोपर्यंत चहा-कॉफी.

तुम्हा बोटवाल्यांना माहीत नसेल ते सांगते. पहिली दहा मिनिटं कोणी बोलत नाही. सगळे वायफायचा पासवर्ड टाकतात आणि माना खाली. मला वाटायचं, आपण कशाला आलोय इथे? मग कुणीतरी मान वर करून विचारतं, "मॅडम, इथे जवळ झाड असलेली जागा कुठे आहे?" हे मला तीन-चार जणांनी विचारलंय. दुकान नाही, बार नाही, झाड. मी त्यांना ट्रामचा नंबर सांगून फिट्झरॉय गार्डनला पाठवायचे. एक कोकणातला बोसन (डेकवरचा मुकादम) परत आला तो खिशात सुकं पान घेऊन. विचारलं काय करणार, तर म्हणाला, बघणार.

कोविडमध्ये सगळं बंद झालं तेव्हा आम्ही गँगवेखाली खोकी ठेवून मागे व्हायचो. वरून हात हलवायचे. तेव्हा जगभरात चार लाखांवर लोक करार संपूनही बोटीवर अडकले होते. एका बोटीवरून दोरीला बांधून खोकं परत खाली आलं, आत लिहिलेलं: "चॉकलेट ओके. नेक्स्ट टाइम हेअरकट प्लीज."

मराठी पुस्तकं आमच्या कपाटात एकही नव्हती. आता लाज वाटते.

सुकाणी७८

झाडाचं खरं आहे.

वाचनमात्र

पाच वर्षांत पहिला खरा प्रतिसाद देतोय. माझ्याकडे दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत, २०१५पासूनचे, रद्दीत द्यायला जीव होत नाही. हॅम्बुर्ग किंवा कुठल्याही क्लबात पोचवता येतील का? पोस्टाने परवडणार नाही.

गँगवे

@वाचनमात्र, अहो, बोलत जा की रोज! नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी साइन ऑन आहे, युरोपचीच फेरी. माझ्या बॅगेत तीन-चार किलोची जागा काढतो, म्हणजे आठ-दहा अंक. एक गठ्ठा डुकडाल्बेनला, बाकी रॉटरडॅमला. @स्टारबोर्ड, तुमच्या त्या गुडघ्याच्या बाईंचं केंद्र नेमकं कुठलं, व्यनि करा.

स्टारबोर्ड

केला. त्यांना सांगा दुसऱ्या गुडघ्याचं काय झालं विचारलंय.

अनघा_डोंबिवली

अंक मुंबईत गोळा करायचे तर माझ्याकडे द्या. स्टेशनजवळ राहते. @फ्लिंडर्स_स्ट्रीट, तुमच्या कपाटासाठी नवऱ्याबरोबर पाठवते, जानेवारीत त्यांची बोट तिकडे आहे. पत्ता व्यनित.

उरणकर

आमच्याकडचे दोन. आणि आपल्या इकडच्या क्लबात पण दोन ठेवतो. कोणी गेटाबाहेर आलाच तर.

सुकाणी७८

माझ्याकडे पाच. शब्दकोडी सोडवलेली आहेत, चालतील का? नसतील चालत तर खोडून देतो, पेन्सिलने आहेत.

गँगवे

खोडा, काका.